संगणकीय शब्दकोशात जपानी शब्द टाइप करणे

जपानी शब्दाचा उच्चार कळफलकावरून देऊन, किंवा उच्चार माहीत नसेल तर अक्षराच्या आकारावरून, तो शब्द शब्दकोश-प्रणालीच्या शोधचौकटीत उतरवण्याची पद्धत. मराठी कोश उघडणाऱ्याला या पद्धतीचे वेगळे नाव लागत नाही, कारण देवनागरीत अक्षर दिसले की त्याचा उच्चार हाती येतो. जपानीत समोर छापलेली कान्जी, म्हणजे चिनी वळणाची भावाक्षरे, स्वतःचा उच्चार सांगत नाहीत. आणि कळफलक तर उच्चारच मागतो. जो शब्द वाचता येत नाही म्हणून कोश उघडला, तोच आधी वाचून दाखवावा लागतो, असा हा पेच आहे.

जपानी लेखनात हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारदर्शक लिप्या असून प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांच्या जोडीला कान्जी. नेहमीच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ कान्जी आहेत, तर संगणकासाठीच्या जुन्या जपानी मानक संचात ६,३५५ आहेत. एवढ्या कळा कोणत्याही फलकावर मावणार नाहीत. तोशिबा कंपनीने १९७८ मध्ये जेडब्ल्यू-१० हे यंत्र जाहीर केले, त्यात यावर तोडगा निघाला : उच्चार टाइप करायचा आणि त्याची कान्जी यंत्राने सुचवायची. टेबलाएवढ्या त्या यंत्राची किंमत ६३ लाख येन होती. आज तेच काम आयएमई नावाची छोटी प्रणाली फुकट करते. ती विंडोजमध्ये जपानी भाषा जोडली की मिळते. लिनक्सवर त्यासाठी मोझ्क ही आयएमई वापरतात. जपानात अनेक लेखकांची पसंती अ‍ॅटॉक या दुसऱ्या आयएमईला असते. मराठी माणसाला यातला निम्मा भाग ओळखीचा आहे. इंग्रजी कळांवर ‘मराठी’ बडवून देवनागरी उमटवणारी साधने आपण वर्षानुवर्षे वापरतो. फरक इतकाच, की जपानीत उच्चार उमटल्यावर स्पेसबार दाबून योग्य कान्जी निवडण्याची आणखी एक पायरी असते.

रोमन कळांवरून जपानी टाइप करताना मराठी कान पुष्कळ मदत करतो. ‘त’च्या ओळीत जपानी लोक ता, ची, त्सु, ते, तो असे म्हणतात. यातला ‘ची’ म्हणजे चिमणीतला च आणि ‘त्सु’ म्हणजे चुन्यातला च. इकारापुढे तालव्य आणि उकारापुढे दंत्य ही च-ची दुहेरी वाट इंग्रजी किंवा हिंदीतून जपानी शिकणाऱ्याला मुद्दाम समजवावी लागते. गोव्यात पेडण्याच्या किंवा फोंड्याच्या मराठी शाळेतून आलेल्याला ती घरचीच असते. जोडाक्षरांचेही तसेच. ‘पत्ता’ आणि ‘पता’ यांतला ठोका ज्याला ऐकू येतो त्याला ‘कित्ते’, म्हणजे टपाल तिकीट, टाइप करताना टी दोनदा दाबायची हे सांगावे लागत नाही.

अनुस्वाराशी मात्र जरा झटापट होते. जपानीतला स्वतंत्र ‘न्’ वागतो अगदी आपल्या अनुस्वारासारखा : पंकज, पंच, पंप यांत तो जसा पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, तसाच तिथेही. वर्तमानपत्राला जपानीत ‘शिंबुन’ म्हणतात आणि ऐकू येतो तो म्. टाइप करताना मात्र एन-च द्यावा लागतो, एम चालत नाही. पुढे स्वर आला तर एन दोनदा दाबावा, नाहीतर तो स्वराला चिकटतो. ‘किनेन’ म्हणजे स्मरण, ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपानबंदी. दोन्हींत एका कळेचा फरक आहे. आणि ‘कोन्निचिवा’ हा सर्वांना ठाऊक असलेला नमस्कार ऐकू येतो तसा टाइप केला, तर कोशात काहीच सापडत नाही. त्यात एन तीनदा हवा, आणि शेवटचा ‘वा’ लिहिताना ‘हा’ लिहावा लागतो. नवशिक्याचा पहिलाच शब्द चुकावा, अशी ही रचना आहे.

आपल्याला खरा त्रास देतात ते ऱ्हस्व-दीर्घ. मराठी बोलण्यात इकार-उकारांची लांबी आपण फारशी सांभाळत नाही, शुद्धलेखनाच्या वहीत तेवढी सांभाळतो. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. शहराचे नाव आपण ‘टोकिओ’ म्हणून मोकळे होतो, पण कोशाला त्यातले दोन्ही ओकार लांब हवेत, आणि ते लांबवायचे तर प्रत्येक ओ-नंतर यू ही कळ दाबायची. ओसाकामध्ये मात्र यू नव्हे, ओ-च दोनदा. काताकानातले परकीय शब्द लांबवायला वजाबाकीच्या चिन्हाची कळ वापरतात. शिवाय एकाच उच्चाराची दोन लेखने आहेत : जुन्यातल्या ज-जवळचा ‘झु’ कधी झेड-यू देऊन, तर कधी डी-यू देऊन येतो. ‘त्सुझुकु’, म्हणजे चालू राहणे, यात डी-यू लागते. कानावर विसंबून झेड दिला, तर कडक कोश ‘शब्द नाही’ म्हणून मोकळा होतो.

गोव्यात या सगळ्यात आणखी एक रोमन मिसळतो. इथल्या माणसाच्या डोळ्यांना पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनाची सवय असते. शेल्डे गावाच्या पाटीवर सुरुवातीला एक्स असतो, केपेच्या पाटीवर क्यू, आणि तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, फलकावर ‘श’ दिसतो तोही एक्सनेच. अशा सवयीने ‘शि’साठी कोणी एक्स-आय दाबले, की आयएमई ‘शि’ देत नाही. तिथे एक्स ही कळ पुढचे अक्षर लहान आकारात उमटवण्यासाठी राखलेली असते, त्यामुळे एक बारीकसा इकार येतो. शिकणाऱ्याला वाटते कळफलक बिघडला.

गंमत अशी, की एक्सने ‘शि’ लिहिणे ही जपानीतली चूक नव्हती. एके काळी तोच शिरस्ता होता. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांनी नागासाकी येथे १६०३ मध्ये छापलेल्या आणि १६०४ मध्ये पुरवणी जोडलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात सुमारे ३२,००० शब्द आहेत. ते सगळे रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने आणि रोमन वर्णक्रमाने लावलेले आहेत, आणि त्यात ‘शि’ एक्स-आयनेच लिहिलेला आहे. कान्जी न ओळखणाऱ्याने कानाने ऐकलेला शब्द रोमन अक्षरांत शोधावा, ही आजच्या शोधचौकटीची कल्पना त्या कोशात पूर्ण रूपात दिसते. या व्यवहारात गोव्याचा वाटाही आहे. अंजिरो हा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पावलो द सांता फे झाला आणि पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर कागोशिमाला गेला. युरोपला जाऊन आलेल्या चार जपानी तरुणांपैकी मार्तिनो हारा याने १५८७ मध्ये गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केले. ते १५८८ मध्ये इथेच छापले गेले, आणि ते छापणारे यंत्र १५९० मध्ये जपानला पोचले. मराठीचीही वाट त्या काळात अशीच वळली होती. थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांची सोय नसल्याने रोमन अक्षरांत. आज मोबाइलवर रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांवर तावातावाने बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

त्या १६०३ च्या कोशात आजचे ‘ह’चे शब्द एफखाली मिळतात, ‘हितो’, म्हणजे माणूस, तिथे ‘फितो’ आहे. हा ‘ह’ मुळात ‘प’ होता, मग ‘फ’कडे झुकला आणि शेवटी ‘ह’ झाला. याचा पुरावा जपानी वर्णक्रमातही आहे. तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आला असे मानतात, आणि त्यामुळे तो आपल्याला पाठच वाटतो : अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. वर्णमालेत जिथे ‘प’ हवा तिथेच ‘ह’ बसला आहे. छापील जपानी कोश चाळणाऱ्या मराठी वाचकाला यामुळे मोठी सोय होते. शोधचौकटीत हा क्रम निरुपयोगी ठरतो, पण जुन्या ‘फ’ची खूण कळफलकावर शिल्लक आहे : ‘फु’ हे अक्षर एफ-यू आणि एच-यू अशा दोन्ही वाटांनी उमटते.

कोशासाठी टाइप करणे आणि पत्र लिहिण्यासाठी टाइप करणे यांत एक फरक आहे, तो शिकवण्यांत बहुधा राहून जातो. कोशात कान्जी करण्याच्या फंदात पडूच नये. ‘हाशि’ म्हणजे पूल, जेवणाच्या काड्या किंवा कडा. ‘कामि’ म्हणजे देव, कागद किंवा केस. स्पेसबार दाबून आयएमईने सुचवलेले पहिले रूप घेतले, तर देव शोधताना कागद हाती येतो. हिरागाना तशीच ठेवून एंटर दाबावे. पर्याय मांडायचे काम कोशाचे. त्यातही पहिला एंटर आयएमईला मिळतो, कोशाला नव्हे. अक्षरांखाली रेघ आहे तोवर ती कच्ची असतात आणि अनेक कोश त्यांची दखलच घेत नाहीत. म्हणून एंटर दोनदा. काही प्रणाली उलट घाई करतात आणि पहिल्याच एंटरला अर्धवट शब्द शोधायला धावतात. जपानी अवस्थेत टाइप झालेली रुंद रोमन अक्षरे आणि रुंद मोकळी जागा हीसुद्धा शोध फसण्याची नेहमीची कारणे. दिसायला सगळे ठीक असते, म्हणून ती लवकर सापडत नाहीत.

परकीय शब्द काताकानात लिहितात. हिरागानात टाइप करून एफ७ दाबले की काताकाना होते. सरावासाठी गोव्यात सगळ्यात सोपा शब्द ‘पान’, म्हणजे पाव. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला आपला ‘पाव’ आणि जपान्यांचा ‘पान’ एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. क्रियापदाचे मूळ रूप द्यावे लागते, जसे मराठी कोशात ‘खाल्ले’ न शोधता ‘खाणे’ शोधतात. काही प्रणाली ‘ताबेमाशिता’वरून ‘ताबेरु’पर्यंत स्वतःच पोचतात. अशा बहुतेक मोफत कोशांमागे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला शब्दसंग्रह किंवा त्याचे पुढचे रूप असते. त्यात इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच अर्थ आहेत, मराठी नाहीत. त्यामुळे डिचोलीतला विद्यार्थी जपानीतून मराठीत येतो तो इंग्रजीला वळसा घालून.

उच्चारच ठाऊक नसेल तर आकाराची वाट धरतात. कान्जीचा ठळक घटक ओळखायचा (परंपरेने असे २१४ घटक मानतात), उरलेल्या रेघा मोजायच्या आणि यादीतून अक्षर उचलायचे. माउसने किंवा बोटाने अक्षर काढून ओळखवणेही शक्य असते. रेघांचा क्रम चुकला तर काही प्रणाली गोंधळतात. अनुभवी लोक तिसरीच युक्ती करतात : ते अक्षर असलेला एखादा ओळखीचा शब्द टाइप करतात आणि नको तो भाग पुसतात. फोनचा कॅमेरा आल्यापासून ही मेहनत पुष्कळ कमी झाली आहे, पण हस्ताक्षरापुढे तोही अडखळतो.

सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षरसंकेत देणाऱ्या युनिकोडपूर्वीच्या कोशांत जपानी मजकूर वेगळ्या संकेतांत साठवलेला असे. असा कोश आज उघडला की अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा कचरा दिसतो, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्यावर दिसतो तसाच. विंडोजमध्ये युनिकोड नसलेल्या प्रणालींची भाषा जपानी ठरवली की तो बहुधा सुधारतो. फॉन्टचा घोटाळा याहून छुपा आहे. युनिकोडने चिनी आणि जपानी अक्षरांना पुष्कळ ठिकाणी एकच क्रमांक दिला, त्यामुळे संगणकाने चिनी फॉन्ट उचलला तर शोध बरोबर लागतो पण आकार चिनी वळणाचा दिसतो. ‘होने’, म्हणजे हाड, या अक्षराच्या डोक्यावरचा कोपरा तेव्हा उलट्या बाजूला जातो, आणि पडद्यावरून वहीत उतरवून घेणाऱ्याच्या हाताला तेच वळण बसते. हा दोष टाळायचा तर कोशाच्या सेटिंगमध्ये जपानी फॉन्ट नेमून द्यावा.