टिलरवरची पिन आणि त्यामागचा इतिहास

टिलर म्हणजे छोट्या होडीचे सुकाणू हाताने फिरवायची दांडी, आणि ती आपोआप हलवून होडीची दिशा राखणारे यंत्र म्हणजे टिलर पायलट. तो बसवायला घेतला की माहितीपुस्तिकेतले दोन आकडे आधी पाहावे लागतात. रेमरीन कंपनीच्या एसटी-1000 यंत्राचेच घ्या. यंत्राचे पुढचे टोक जिच्यावर अडकते ती टिलरवरची पिन सुकाणूच्या आसापासून 460 मिलिमीटरवर हवी आणि यंत्राचा मागचा खुंट ज्यात बसतो ते सॉकेट होडीच्या मध्यरेषेपासून 589 मिलिमीटरवर. टिलर मधोमध असताना यंत्र त्याच्याशी काटकोनात आणि समपातळीत राहायला हवे. हे आकडे कुठून आले ते समजायचे, तर यंत्र नव्हते तेव्हापासून सुरुवात करावी लागते.

1895 ते 1898 या काळात जोशुआ स्लोकम यांनी ‘स्प्रे’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हिंदी महासागरात कोकोस बेटांकडे जाताना 23 दिवसांत आपण सुकाणूवर सगळे मिळून तीन तासांहून जास्त नव्हतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सुकाणू बांधून ठेवायचे आणि शिडे अशी लावायची की होडी आपणहून दिशा धरेल, एवढीच त्यांची युक्ती. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धडा हाच, आणि आज तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

मोठ्या जहाजांवर वेगळी वाट निघाली. 1920च्या दशकात स्पेरी कंपनीचे जायरोवर, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या वेगाने फिरत्या चाकावर, चालणारे स्वयंचलित सुकाणू जहाजांवर आले. 1922मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी मुरलेला सुकाणूधारी नेमके काय करतो ते गणितात मांडले. जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच तो पाहत नाही. किती वेगाने भरकटतेय आणि किती वेळ एका अंगाला ओढतेय, तेही त्याच्या हाताला कळते. आजचे ऑटोपायलट याच हिशेबावर चालतात. मात्र ती अवजड यंत्रे छोट्या होडीच्या कामाची नव्हती.

तिथे वाऱ्यानेच मार्ग काढला. 1960च्या पहिल्या एकट्या खलाशांच्या अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांच्या ‘जेस्टर’वर आणि फ्रान्सिस चिचेस्टर यांच्या ‘जिप्सी मॉथ 3’वर वाऱ्याच्या दिशेने फिरणारे पाते सुकाणू सांभाळत होते. चिचेस्टर यांनी आपल्या पात्याचे नाव ‘मिरांडा’ ठेवले होते. 40 दिवसांत पलीकडे पोहोचून त्यांनी ती शर्यत जिंकली. पात्याला वीज लागत नाही, पण वारा फिरला की होडीही त्याच्यामागे फिरते. आणि वारा पडला, इंजिन लावले की पाते निरुपयोगी.

ही अडचण विजेवरच्या टिलर पायलटने सोडवली. 1974मध्ये इंग्लंडमध्ये डेरेक फॉसेट यांनी नॉटेक कंपनी काढली. तिची ‘ऑटोहेल्म’ यंत्रे छोट्या होड्यांवर पसरली. रेमरीन त्याच वंशातली. आत होकायंत्र, 12 व्होल्टची मोटर आणि पुढे-मागे सरकणारा दांडा, म्हणजे एक हात आणि त्याला दिशेची जाण.

पण हा हात अशक्त आहे, आणि आकड्यांचे मर्म इथेच आहे. दांडा मर्यादित अंतरच सरकतो. पिन आसाच्या जवळ आणली तर तेवढ्याच हालचालीत सुकाणू जास्त वळते, पण जोर कमी पडतो. दूर नेली तर जोर मिळतो, वळण अपुरे पडते. 460 मिलिमीटर ही त्या दोन्हींमधली तडजोड. होकायंत्रही आतच असल्यामुळे शेजारी स्पीकर किंवा लोखंडी अवजार ठेवले की यंत्र खुशाल चुकीच्या दिशेला निघते.

शीड जास्त झाले, होडी वाऱ्याकडे ओढू लागली, की मोटरची घरघर थांबत नाही आणि बॅटरी उतरते. अशा वेळी पिनची जागा बदलण्याआधी शीड कमी करून पाहावे, स्लोकम यांच्यासारखे. जुन्या टिलरच्या वरच्या बाजूला पिनसाठी पाडलेली आणि मग इपॉक्सीने (एक घट्ट होणारा चिकट पदार्थ) बुजवलेली दोन-तीन भोके शेजारी-शेजारी दिसतात. त्यातली निदान काही शिडाकडे न पाहता पाडलेली असतात.