जुने ओमेगा सीमास्टर घेताना: आधी डायल, मग मशीन

जुने घड्याळ हातात आले की बहुतेक ग्राहक आधी ते कानाला लावतात. टिकटिक ऐकू आली की निम्मा सौदा तिथेच ठरतो. आमची विनंती आहे की चालू-बंद हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. बंद पडलेले मशीन चांगला कारागीर पुन्हा चालू करतो. पुसून नव्याने रंगवलेली डायल आणि घासून गोल केलेली केस (घड्याळाचे धातूचे कवच) मात्र मूळ रूपात परत येत नाही, आणि संग्राहक पैसे मोजतो ते याच दोन गोष्टींसाठी. आमच्याकडे सर्वाधिक विचारणा ओमेगा या स्विस कंपनीच्या 1960च्या दशकातल्या ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) सीमास्टर घड्याळाची होते, म्हणून इथली उदाहरणे त्याचीच आहेत.

डायल

आपल्याकडे डायल डागाळली की रंगवून घेण्याची पद्धत जुनी आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत डायल लवकर खराब होते, आणि मालकाला घड्याळ रोज वापरायचे असे. त्यात गैर काही नव्हते. आज मात्र तेच काम घड्याळ खपवण्यासाठी होते. अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि किंमत पाडून मागतात.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि उजेड बाजूने पडू द्या. मूळ छपाईच्या रेषा बारीक, एकसारख्या आणि कडेला स्वच्छ असतात. रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड होतात, शाई पसरलेली दिसते, अक्षरांमधले अंतर कमी-जास्त असते. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या पट्ट्या एका सरळीत येतात का ते बाराही ठिकाणी तपासा. रंगवणाऱ्याचा हात इथेच चुकतो. सहाच्या खाली, अगदी कडेला ‘स्विस मेड’ हवे. ते गायब असेल किंवा वर सरकलेले असेल तर सावध व्हा.

‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ अक्षर असेल तर डायलवर ट्रिटियम (अंधारात लेप चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ) वापरले आहे, असा त्याचा अर्थ. मग पट्ट्यांच्या टोकांशी आणि काट्यांत चमकणारा लेप असायलाच हवा. ‘टी’ आहे आणि लेप कुठेच नाही, तर काहीतरी बदललेले आहे. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य सुमारे 12.3 वर्षे असते, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मे उरते. त्यामुळे साठीच्या दशकातला लेप आज अंधारात रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो नंतर भरलेला आहे. डायल बाहेर काढलेली असेल तर तिची कडही पाहा. छपाईच्या वेळी डायल नीट बसावी म्हणून रंगवणारे तिथे कानशीने छोटी खाच पाडतात.

काळाने पिवळसर झालेली, चार ठिपके पडलेली मूळ डायल आम्ही चकचकीत रंगवलेल्या डायलपेक्षा नेहमीच वरची मानतो. तशी मिळाली तर स्वच्छ करायलाही देऊ नका. जुनी छपाई ओल्या कापसानेही निघून येते.

केस आणि मागचे झाकण

पट्टा अडकतो ते चारही पाय समोरून आणि बाजूने पाहा. धारा तीक्ष्ण आहेत का, चारही पाय सारखे जाड आहेत का? वारंवार पॉलिश झालेल्या केसचे पाय बारीक होतात आणि पट्ट्याच्या दांडीचे भोक कडेजवळ आल्यासारखे दिसते. अनेक सीमास्टरच्या झाकणावर समुद्री घोड्याची उठावाची आकृती असते. ती सपाट झाली असेल, तर केसवरूनही तेवढाच धातू गेलेला असणार.

झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. विक्रेता उघडायला तयार नसेल तर ते घड्याळ सोडून द्या. आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. 1962 नंतरच्या पद्धतीत 165ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे तारीख नसलेले ऑटोमॅटिक, 166 म्हणजे तारीख असलेले. झाकणात 165 आणि डायलवर तारखेची खिडकी, असे दिसले तर दोन घड्याळांचे एक झालेले आहे. मशीनवरचा प्रकार-क्रमांकही (कॅलिबर) जुळवा: 552ला तारीख नसते, 562 आणि 565ला असते.

तुकडे जोडण्याचा प्रकार फक्त आपल्या बाजारात होतो असे समजू नका. नोव्हेंबर 2021मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचे एक जुने स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. 2023मध्ये खुद्द ओमेगाने सांगितले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवले होते आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. म्हणून कागद, डबा, पावती यांच्यापेक्षा झाकणाच्या आत जे दिसते त्यावर भिस्त ठेवा.

काच ॲक्रिलिकची असते. अस्सल काचेच्या अगदी मध्यभागी ओमेगाचे सूक्ष्म चिन्ह भिंगातून दिसते. नसेल तरी काळजी नको, काच बदलता येते. चावीचेही (बाजूच्या फिरकीचेही) तसेच.

आता मशीन

घड्याळ पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर (ठोके ऐकून मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवायला सांगा. वर सांगितलेल्या 552, 562 आणि 565 या मशीनसाठी ठोके ताशी 19,800 आणि लिफ्ट अँगल (आतल्या चाकाचा झोका मोजण्यासाठी यंत्राला द्यावा लागणारा कोन) 49 अंश लावायचा. यंत्रावर नेहमीचा 52 तसाच ठेवला तर खरा 250 अंशांचा झोका 265 दाखवला जातो, आणि थकलेले मशीन निरोगी भासते. डायलची बाजू वर ठेवलेली असताना झोका 250च्या पुढे असेल तर उत्तम. 200च्या खाली असेल तर तेल सुकले आहे. सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे पळत असेल तर बहुधा चुंबकत्व शिरलेले असते, आणि ते मिनिटभरात निघते.

या मशीनांचे नेहमीचे दुखणे म्हणजे रोटरचा (हाताच्या हालचालीने फिरून चावी भरणाऱ्या वजनाचा) झिजलेला आस. मग रोटर खाली झुकून झाकणाला घासतो, आणि झाकणाच्या आत अर्धगोल चरे पडतात. दुसरे दुखणे गंजाचे. घाम आणि ओलावा चावीवाटे आत जातो, म्हणून चावीच्या दांडीजवळ तांबूस डाग शोधा. दांडी बदलता येते. गंज ब्रिजपर्यंत (चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोहोचला असेल तर घेऊ नका. झाकणावर काहीही लिहिलेले असो, इतक्या जुन्या घड्याळाला पाणी लागू देऊ नये.

पैसे आणि पावती

पावतीवर मॉडेल क्रमांक, मशीनवरचा अनुक्रमांक आणि ‘डायल मूळ’ किंवा ‘डायल रंगवलेली’ हे शब्द लिहून घ्या. तोंडी शब्दाचा नंतर उपयोग होत नाही. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. जुन्या मालाच्या नोंदणीकृत विक्रेत्याला मार्जिन योजनेत पूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरता येतो. तो कोणत्या पद्धतीने लावला आहे ते भाव ठरण्याआधी विचारा.

दुसरीकडून घेत असलेले घड्याळही आमच्याकडे तपासायला आणू शकता. झाकण तुमच्यासमोरच उघडू, आणि आतल्या क्रमांकांचे फोटो तुमच्याच फोनवर काढून देऊ.