मंगल कार्यालयातला उजेड आणि लेन्सचं छिद्र

लग्नसराई तोंडावर आली की सोलापुरात लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने उतरणारी मुलं पहिली चौकशी करतात ती मेगापिक्सेलची. मग सगळे पैसे कॅमेऱ्याच्या बॉडीत जातात आणि तिच्यासोबत आलेली 18-55 एमएमची किट लेन्स लावून गोरज मुहूर्ताला उभं राहायची वेळ येते. फोटो दाणेदार तरी येतात, नाहीतर हललेले. मेगापिक्सेल कितीही असोत, लेन्समधून येणारा उजेड त्याने वाढत नाही. जाहिराती हे सांगत नाहीत.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा भर दिवसा होतो, तिथे हीच किट लेन्स उत्तम चालते. लक्स हे उजेड मोजायचं एकक; कडक उन्हात 1 लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. कार्यालयाच्या हॉलमध्ये 300 लक्स मिळाले तरी पुष्कळ. डोळा स्वतःला जुळवून घेतो म्हणून हॉल आपल्याला झगझगीत वाटतो. लेन्सचं छिद्र मात्र एका मर्यादेपलीकडे उघडत नाही.

ती मर्यादा लेन्सवर एफ-आकड्याने लिहिलेली असते. शाळेतलं नाभीय अंतर घ्या आणि त्याला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागा, आला एफ-आकडा. किट लेन्स 55 एमएमवर नेली की तो 5.6 होतो, म्हणजे छिद्र 9.8 मिमी. साध्या 50 एमएम एफ/1.8 चं छिद्र 27.8 मिमी. व्यास 2.8 पट, म्हणून क्षेत्रफळ 8 पट. शिवाय 55 एमएमची प्रतिमा थोडी मोठी असल्याने तोच उजेड 1.2 पट जागेवर पसरतो. दोन्ही मिळून सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर जवळजवळ 10 पट फरक पडतो. एफ-आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला तर हेच उत्तर थेट मिळतं: (5.6÷1.8)² = 9.7. 300 लक्समध्ये 1/125 शटरला, म्हणजे सेकंदाचा 125 वा भाग उजेड घेतला तर, किट लेन्स सुमारे 3200 आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे येतात) मागते, 50 एमएमला 330 च्या आसपास पुरतो.

स्टॅबिलायझर आहे की, असं दुकानदार सांगतात. तो आपल्या हाताचा कंप सावरतो. उडत्या अक्षता आणि हार घालणारे हात थांबवायला शटरच वेगवान लागतं.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर 50 एमएम, एफ/1.8, अंतर 2 मीटर असेल तर पुढे-मागे मिळून जेमतेम 11 सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. पूर्व भागातल्या पद्मशाली लग्नात वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. तेव्हा बाजूने टिपताना एकाचा चेहरा मागे असेल तर तो धूसर होतो. एफ/2.8 वर या, खोली 17 सेंटीमीटर होते, आणि दोन्ही चेहरे सारख्या अंतरावर येतील अशी जागा धरा. स्टेजवरच्या मोठ्या ग्रुपला किट लेन्सच बरी: 20 ते 24 एमएम, एफ/5.6 आणि फ्लॅश. छत पांढरं असेल तरच फ्लॅश वर मारा, रंगीत कापडाच्या मंडपात चेहऱ्यांवर तोच रंग उतरतो.

स्टेजवरच्या स्वस्त एलईडी माळांकडेही लक्ष हवं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून त्या सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 1/250 वर फोटोत आडवे पट्टे दिसले तर 1/100 वर या.

खरेदीचा क्रम असा: आधी 50 एमएम एफ/1.8, मग फ्लॅश, आणि पैसे जमले की जुनी 17-50 एफ/2.8. निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यांच्यावर जुनी 'डी' लेन्स आपोआप फोकस करत नाही. तिथे स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्सच घ्या. जुनी लेन्स, विशेषतः दमट किनारपट्टीकडून आलेली, घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, तो सौदा सोडा. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकत असेल तरी घेऊ नका. पाती चिकटून वेळेत मिटत नाहीत आणि फोटो कधी बरोबर, कधी पांढराफटक येतो.