डेबियन बसवताना ब्रेल आणि आवाज: दोन वेगळ्या वाटा

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा इन्स्टॉलर, म्हणजे ती संगणकावर बसवणारा प्रोग्राम, दृष्टिहीन माणसाला एकट्याने चालवता येतो म्हटलं की लगेच विचारणा होते, "म्हणजे स्क्रीन रीडर आहे ना त्यात?" पडद्यावरचा मजकूर वाचून देणारा प्रोग्राम आहे, पण एक नाही, दोन. ब्रेल डिस्प्लेसाठी (टिंबं वर-खाली करून पडद्यावरची ओळ बोटांना वाचू देणारी पट्टी) बीआरएलटीटीवाय, आणि आवाजासाठी स्पीकअप, ज्याच्या वतीने ईस्पीक हा मजकुराचा आवाज करणारा प्रोग्राम बोलतो. दोन्ही एकच समजलं की पहिल्याच पडद्यावर गाडी अडते.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला की बीप वाजते. संगणक सुरू करणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर, म्हणजे बायोसवर एकदा, नव्या यूईएफआयवर दोनदा. ब्रेलवाल्याने इथे फक्त एंटर दाबायचं. यूएसबी ब्रेल डिस्प्ले आधीच जोडलेला असेल तर तो आपोआप ओळखला जातो, आणि चित्रांचा इन्स्टॉलर बाजूला राहून अक्षरी इन्स्टॉलर उघडतो. आवाज हवा असेल तर मात्र एस दाबून मग एंटर. नव्या आवृत्त्यांत काहीच न दाबता थांबलात तर थोड्या वेळाने आवाज स्वतःच सुरू होतो. पहिला प्रश्न भाषेचा, आणि तो इंग्रजीतच ऐकू येतो. बोलणं सुरुवातीला फार संथ वाटतं. कॅप्सलॉक धरून 6 दाबलं की वेग वाढतो, 5 दाबलं की कमी होतो.

बिघडण्याच्या तऱ्हाही निराळ्या. आवाज अडतो तो साउंड कार्डापाशी. कार्डं अनेक असतील तर इन्स्टॉलर एकेकावर बोलून पाहतो, आणि हव्या त्या कार्डातून आवाज आला की एंटर दाबायचं असतं. पण एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला स्पीकरच नसेल, तर त्याची पाळी शांततेत जाते. घाबरू नका, हात एंटरपासून दूर ठेवा.

ब्रेल अडतो तो वायरीपाशी. सिरियल पोर्टचे (जुन्या प्रकारच्या जोडणीचे) डिस्प्ले डेबियन मुद्दाम आपोआप शोधत नाही, कारण नुसत्या चाचपणीनेही त्यातले काही खराब होऊ शकतात. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावलेल्या डिस्प्लेचीही तीच गत. यूएसबीचं टोक दिसतं म्हणून तो 'यूएसबी डिस्प्ले' होत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. अशा वेळी बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या, आदेशाच्या ओळीत डिस्प्ले चालवणाऱ्या ड्रायव्हरचा दोन अक्षरी कोड आणि पोर्टचं नाव हाताने लिहावं लागतं. गंमत म्हणजे हे लिहिताना वाचून दाखवणारं अजून काहीच चालू झालेलं नसतं.

पुढचे प्रश्न, म्हणजे कीबोर्ड, नेटवर्क, पासवर्ड, कुठल्याही वाटेने सरळ पार पडतात. आवाजाच्या वाटेवर ठरलेलं उत्तर चालत असेल तर नुसतं एंटर, आणि मागच्या प्रश्नावर जायचं तर 'पेक्षा लहान'ची खूण.

दोन्हींतला खरा फरक डिस्क निवडताना कळतो. एसडीबी आणि एसडीडी ही डिस्कांची नावं यंत्राच्या इंग्रजी उच्चारात जवळजवळ सारखीच ऐकू येतात, आणि चुकीची डिस्क पुसली की परत येत नाही. ब्रेलमध्ये बी म्हणजे 1 आणि 2 हे टिंब, डी म्हणजे 1, 4, 5. बोटाला गोंधळायला जागाच नाही, शिवाय ओळ पट्टीवर थांबून राहते, हवं तितक्या वेळा चाचपता येते. म्हणून माझ्या मते डिस्प्ले असेल तर डिस्कच्या विभाजनाचे प्रश्न त्यावरच वाचावेत. डिस्प्ले नसेल (आणि किंमत पाहता बहुतेकांकडे नसतोच), तर नावावर विसंबू नये. त्याच ओळीत डिस्कचा आकार आणि मॉडेलही बोललं जातं, ते शेवटपर्यंत ऐकावं. 500 जीबीची डिस्क आणि 16 जीबीचा पेनड्राइव्ह कानालाही वेगळे कळतात.