दिरेत्लो हत्यांचा पोलीस तपास (बासुटोलँड)

बासुटोलँड (आजचे लेसोथो) या ब्रिटिश अंमलाखालच्या मुलखात विशेषतः १९४० च्या दशकात झालेल्या ‘औषधी’ खुनांचा तपास. दिरेत्लो म्हणजे औषधासाठी माणसाच्या देहातून कापून घेतलेले मांस. ते जाळून, त्यात इतर द्रव्ये मिसळून मुखियाच्या औषधी शिंगात भरत. त्याने सत्ता टिकते अशी समजूत होती. साध्या नरबळीशी याची गल्लत होते, पण इथे कोणत्याही देवतेला काही अर्पण केले जात नसे.

खून बहुधा मुखियाच्या हुकमावरून आणि अनेकांनी मिळून केलेला असे. पुढे प्रेत कड्याखाली किंवा ओढ्याकाठी अशा बेताने ठेवत, की माणूस पाय घसरून पडला असेच वाटावे. त्यामुळे पहिला प्रश्न वैद्यकीय असे: जखमा सुरीच्या की गिधाडांच्या? जिल्ह्याच्या डॉक्टरकडे प्रेत पोचेपर्यंत अनेकदा ते सडलेले असे. माउंटेड पोलिसांना डोंगराळ गावांत घोड्यांवरून जावे लागे. शिवाय बेपत्ता माणसाचा शोध घेणे आणि मृत्यूची वर्दी देणे हे गावच्या मुखियाचेच काम. संशयितही बऱ्याचदा तोच.

मग उरत तो कटातलाच एखादा फुटलेला माणूस, आपल्याकडच्या भाषेत माफीचा साक्षीदार. बहुतेक खटले अशाच साक्षींवर उभे राहिले आणि तपासाची खरी दुखरी जागाही तीच होती. स्वतःची मान सोडवायला माणूस दुसऱ्याचे नाव सहज घेईल, हा आक्षेप आरोपींच्या वकिलांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या अंतिम अपील न्यायपीठापर्यंत, नेला. बासुटोलँडच्याच एका अपिलात १९४९ साली कौन्सिलने सांगितले, की आरोपीचा जबाब खोटा ठरला एवढ्यानेच साथीदाराच्या साक्षीला पुष्टी मिळत नाही. त्याच वर्षी ओडिशातल्या एका खून खटल्यातही याच न्यायपीठाने साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुरावा हवा, असा आग्रह धरला.

सर्वांत गाजलेल्या प्रकरणात बेरेंग ग्रिफिथ आणि मुखिया मामाथे दोषी ठरले. बेरेंग हा राजघराण्यातला. रीजंटपदावर (राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचे पद) हक्क सांगून न्यायालयात हरलेला. अपील फेटाळल्यावर ऑगस्ट १९४९ मध्ये दोघांना फाशी झाली. लोकांचा मात्र पोलिसांवर विश्वास नव्हता. ‘लेखोत्ला ला बाफो’ या संघटनेचे नेते जोसिएल लेफेला उघड म्हणत, की हे खून सरकारचेच कुभांड आहे. मुखिया बदनाम झाले की मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या घशात घालायला मोकळीक, अशी शंका अनेकांना होती. ती कुभांडाचा पुरावा ठरत नाही, पण विलीनीकरणाची भीती निराधार नव्हती: प्रिटोरियाची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची, तशी मागणी जुनीच होती.

केंब्रिजचे मानवशास्त्रज्ञ जी. आय. जोन्स यांनी १९५१ च्या सरकारी अहवालात कारण प्रशासनात शोधले. १९३८ आणि १९४६ च्या सुधारणांनी मुखियांचे अधिकार छाटले. तेराशेच्या घरातली त्यांची न्यायालये १२१ वर आली. गादी हलू लागली तसे शिंग भरून घेण्याची निकड वाढली, हा त्यांचा युक्तिवाद. नंतरच्या इतिहासकारांना तो अपुरा वाटतो. ते बेरेंग आणि रीजंट मान्तसेबो यांच्यातल्या चुरशीलाही तितकेच महत्त्व देतात. काही खुनांबाबत मान्तसेबोवरही पोलिसांचा संशय होता. तिच्यावर खटला कधीच भरला गेला नाही. १९६० पर्यंत ती रीजंट राहिली.