मराठवाड्याचा तपकिरी रंग: अमूर्त निसर्गचित्रांची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या चित्रकाराने तपकिरी, राखाडी, काळपट रंगांतलं अमूर्त चित्र मांडलं की त्यावर लिहिणाऱ्याला पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. पोताला भेग दिसली की तहानलेली जमीन, लाल ठिपका दिसला की शेतकऱ्याचं रक्त. दुष्काळ खोटा नाही. १९७२ ची आठवण इथल्या घराघरांत आहे आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पण या रंगांचं वय दुष्काळाच्या बातम्यांहून फार मोठं आहे, आणि ते ध्यानात घेतलं नाही तर चित्रासमोर उभं राहूनही चित्र पाहायचं राहून जातं.

हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. खडकाच्या पोकळ्यांत हिरवट खनिज भरलेलं असतं. सखलात काळी माती, चढावर मुरूम. शेत काळीत आणि गाव पांढरीवर, घरांच्या माळवदांवरही तीच पांढरी माती. करडई फुलली की या सगळ्यावर महिनाभर पिवळा-केशरी रंग चढतो आणि मग उतरतो.

याच मातीतून अजिंठ्याचा रंगपट तयार झाला. लाल आणि पिवळा गेरू, बेसॉल्टसोबत, म्हणजे त्याच काळ्या पाषाणासोबत, सापडणारी हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढऱ्या मातीसारखे पदार्थ, काळ्यासाठी काजळी. निळा तेवढा बाहेरचा: लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. तो वाकाटक काळातल्या, म्हणजे पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसतो. त्याआधीच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतली जुनी चित्रं प्रामुख्याने मातीच्या रंगांवरच उभी आहेत. भिंतीला आधी भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि तो सुकल्यावर रंग. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात छताजवळ गिलावा जिथं निखळलाय तिथं एकाच नजरेत तिन्ही दिसतात: रंग, त्याखालची माती आणि त्याखालचा खडक. बोधिसत्त्वांच्या चेहऱ्यांपुढे गर्दी होते, त्या कोपऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. रंगाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र तिथंच जास्त वेळ थांबावं.

पुढे अजिंठा चित्रशाळांपर्यंत पोहोचला तो नकलांमधून. रॉबर्ट गिलने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ मध्ये पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमध्येच जळाल्या. या सगळ्या उद्योगातून शिकवलं गेलं ते रेषेचं कसब, हातांच्या मुद्रा, अलंकार. रंग मागे पडला. शिवाय १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांच्या काळात चित्रांवर लाखेचं वॉर्निश चढलं. ते पिवळं-तपकिरी पडत गेलं आणि कित्येक पिढ्यांनी अजिंठा मुळापेक्षा काळवंडलेलाच पाहिला.

निसर्गचित्राची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मुंबई परंपरेतलं जलरंगी निसर्गचित्र पाणी, धुकं, देऊळ, नदीचा घाट यांवर वाढलं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मुंबईची जे. जे. ही कलाशाळा दुसऱ्या राज्यात. पण राजकीय सीमा पुसल्यानंतरही उघडं माळरान हा विषय त्या चौकटीत नीट बसला नाही, असं मला वाटतं. पारदर्शक जलरंगाला ओल लागते. परभणीच्या एप्रिलमधल्या दुपारी दूरचं आणि जवळचं एकाच उजेडात सपाट होतं, सावली पायाखाली जाते, आणि पुढे-मागे दाखवायचे नेहमीचे उपाय तिथं चालत नाहीत.

म्हणून अमूर्त चित्रकला इथल्या तरुणांना जवळची वाटली यात नवल नाही. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) १९५० मध्ये पॅरिसला गेले, आधी तिथली गावं रंगवली आणि हळूहळू घरं, झाडं गाळून भूमीचा रंग तेवढा ठेवला. राम कुमार १९६० मध्ये बनारसला गेले आणि घाटांचं शहर राखाडी-तपकिरी पट्ट्यांत उतरलं. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) तर निसर्गाचं नावही घेत नाहीत. रोलर आणि सुरीने थरावर थर द्यायचे, काही खरवडून काढायचे आणि आतला उजेड वर येऊ द्यायचा. प्रभाकर कोलते यांच्या कॅनव्हासवर एकच रंग आकारांना झाकत पसरतो आणि झाकलेलं कडांमधून डोकावत राहतं. मला गायतोंड्यांपेक्षा कोलत्यांची ही रीत मराठवाड्याला अधिक लागू वाटते, कारण इथंही वरच्या थराखालचा थर नांगरटीत उघडा पडतो.

काही जण आज थेट मातीच वापरून बघतात. काळी माती चाळून डिंकात किंवा ॲक्रिलिक माध्यमात कालवली की ओली असताना गडद दिसते, सुकली की राखाडी होते, आणि थर जाड असेल तर तडकते. ही माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. शेतातल्या भेगाही त्यामुळेच. तड आवरायची तर थर पातळ ठेवावे लागतात किंवा मातीत तंतू मिसळावे लागतात. अजिंठ्याच्या कारागिरांनी भुसा मिसळला तो याच गरजेतून. कुणी तड मुद्दाम ठेवतो, कुणी ती भरून काढतो, आणि हा निर्णय चित्रकाराचा असतो. कॅनव्हासवरच्या भेगेला दुष्काळ म्हणण्याआधी ती ठेवलेली आहे की राहून गेलेली, एवढं तरी पाहणाऱ्याने तपासावं.