प्लेस मासा

प्लेस : ईशान्य अटलांटिक महासागरातला तळवासी चपटा मासा. शास्त्रीय नाव प्लुरोनेक्टिस प्लाटेसा; लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याची नोंद केली. बॅरेंट्स समुद्रापासून पश्चिम भूमध्य समुद्रापर्यंत तो आढळतो. उत्तर समुद्राच्या उथळ, वाळूच्या तळावर विशेष. प्लुरोनेक्टिस म्हणजे कुशीवर पोहणारा. हे नाव अगदी शब्दशः खरे आहे : माशाची वरची तपकिरी बाजू ही त्याची पाठ नसून उजवी कूस असते आणि तळाला टेकलेली पांढरी बाजू ही डावी कूस. उजव्या कुशीवर ठळक नारिंगी ठिपके असतात. डोळ्यांच्या मागे हाडांच्या लहान उंचवट्यांची रांग दिसते. या दोन खुणांवरून तो चटकन ओळखता येतो.

जन्मतः मात्र प्लेस इतर माशांसारखाच असतो. हिवाळ्यात मादी खुल्या पाण्यात लाखो अंडी सोडते. सुमारे २ मिमी. व्यासाची ही पारदर्शक अंडी तरंगत राहतात. त्यांतून निघणाऱ्या डिंभाचे (अळीसारख्या बाल्यावस्थेतल्या पिल्लाचे) शरीर सममित असते, दोन बाजूंना दोन डोळे असतात आणि तो सरळ उभा पोहतो. लांबी साधारण १ सेंमी. झाली की अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकामुळे रूपांतरण सुरू होते. डावा डोळा हळूहळू डोक्याच्या माथ्यावरून उजवीकडे सरकतो, कवटीची हाडे पिळवटतात, शरीर पसरट होते आणि पिल्लू कुशीवर कलून तळाशी उतरते.

डोळ्याच्या या प्रवासाइतकेच नवल मेंदूतल्या बदलाचे आहे, पण ते सहसा सांगितले जात नाही. शरीर आडवे झाले की तोल सांभाळणारा अंतःकर्णही त्याच्याबरोबर कलतो; डोळ्यांची दिशा मात्र निराळी झालेली असते. मग अंतःकर्णाकडून आलेला संदेश डोळ्यांच्या जुन्याच स्नायूंकडे गेला तर नजर स्थिर राहणार नाही. चपट्या माशांत रूपांतरणाच्या काळात या मज्जामार्गांची फेरजोडणी होते, असे दिसून आले आहे.

या डोळ्यावरून उत्क्रांतिवादात मोठा वाद झाला. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय, असा आक्षेप इंग्रज जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये घेतला. डार्विन यांनी पुढच्याच वर्षी आपल्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले. पुरावा मिळायला मात्र २००८ साल उजाडले : इटलीतल्या बोल्का येथील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत पुराजीवशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांना डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर असलेले प्रौढ मासे दाखवता आले.

प्लेसची पिल्ले उत्तर समुद्राच्या काठच्या वाडन समुद्रासारख्या उथळ किनारी पाण्यात वाढतात आणि वयाबरोबर खोल पाण्याकडे सरकतात. मासा शरीराच्या कडांचे पर लहरत नेऊन वाळू उडवतो. ती अंगावर बसली की फक्त डोळे उघडे राहतात. हे डोळे किंचित वर आलेले असून एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. त्वचेतल्या रंजकपेशींच्या मदतीने तो तळाच्या रंगाशी मिळताजुळता होतो. दिवसा तो मुख्यतः नजरेच्या आधाराने भक्ष्य शोधतो : वाळूतले कृमी, लहान शिंपले, कधी शिंपल्यांच्या वर डोकावणाऱ्या नळ्यांची टोके. जबडा आणि दात खालच्या, आंधळ्या बाजूला अधिक भक्कम असतात. तळावरचे भक्ष्य उचलायला तेच सोयीचे.

प्रौढ प्लेसला वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) नसतो, म्हणून पाण्यात अधांतरी राहण्यासाठी त्याला सतत पोहावे लागते. तरीही अंडी घालण्याच्या जागेपर्यंत तो लांबचा प्रवास करतो, तो प्रवाहाच्या जोरावर. भरती-ओहोटीचा प्रवाह हव्या त्या दिशेने वाहू लागला की तो तळ सोडून वर येतो. प्रवाह उलटला की पुन्हा तळाला बिलगून पडून राहतो. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्ट येथील संशोधकांनी १९७० च्या दशकात माशांना ध्वनिसंदेश देणारी उपकरणे लावून ही युक्ती उघड केली.

मादी नरापेक्षा मोठी होते. काही प्लेस कित्येक दशके जगतात. त्यांचे वय कर्णाश्मावरील (कानातल्या लहान खड्यावरील) वार्षिक वलये मोजून ठरवतात. ही पद्धत १८९९ मध्ये राइबिश यांनी प्लेसवरच वापरली होती. मासेमारीचा या माशावर किती भार पडतो हे दोन महायुद्धांनी दाखवले. युद्धकाळात उत्तर समुद्रातली मासेमारी कमालीची घटली आणि शांतता झाल्यावर जाळ्यांत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक, मोठे आणि वयस्क प्लेस येऊ लागले.